ॲट्राझिनचं एमआयपी केलंय, पण एनआयपी पण तेवढंच धरतंय. काय करू?

शिरोळचा_केमिस्ट ने विचारलंय:

नमस्कार मंडळी. एमएस्सी ॲनालिटिकल केमिस्ट्री, दुसरं वर्ष, कोल्हापूरलाच. डिझर्टेशनला मॉलिक्युलरली इम्प्रिंटेड पॉलिमर घेतलंय, म्हणजे एमआयपी, आणि त्याने पाण्यातलं आणि उसाच्या रसातलं ॲट्राझिन पकडायचं असा प्लॅन आहे. ॲट्राझिनच का, तर आमच्या शिरोळ भागात उसाला तणनाशक म्हणून सर्रास मारतात, आमच्या गोठ्याच्या माळ्यावर पण एखादा पुडा असतोच, आणि पेपर शोधायला बसलो तर एमआयपीवाल्यांनी ट्रायझिन गटावर (ॲट्राझिन त्यातलंच) एवढं काम करून ठेवलंय की रेसिपी आयती मिळते. म्हटलं सोपं जाईल. जात नाहीये.

ज्यांचा हा विषय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गंगावेशीच्या कुंभार गल्लीत गणपतीचा साचा काढतात तसंच आहे हे, फक्त मूर्तीच्या जागी औषधाचा एक रेणू. ॲट्राझिनभोवती त्याला चिकटणारे मोनोमर गोळा होतात, मग क्रॉसलिंकर टाकून सगळं घट्ट करायचं, नंतर ॲट्राझिन धुवून काढायचं, की त्याच्या आकाराची आणि त्याला धरणारे हात योग्य जागी असलेली पोकळी मागे राहते. पुढे पाण्यात ॲट्राझिन आलं की तिथं जाऊन बसणार. हे झालं पुस्तकातलं. एनआयपी म्हणजे तीच सगळी रेसिपी, फक्त ॲट्राझिन न टाकता केलेली, तुलनेसाठी.

मी काय केलं: ॲट्राझिन १ मिलीमोल, मेथाक्रिलिक ॲसिड (मोनोमर) ४, ईजीडीएमए (क्रॉसलिंकर) २०, क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून एआयबीएन (पॉलिमर व्हायला सुरुवात करून देणारं) टाकलं, नायट्रोजन सोडला, सीलबंद नळीत वॉटर बाथला रात्रभर ठेवलं. पांढरा दगड झाला. नळी फोडून खलबत्त्यात कुटलं, चाळलं, बारीक धूळ ॲसिटोनने काढून टाकली, मग सॉक्सलेटमध्ये (गरम सॉल्व्हंट फिरवून परत परत धुणारं काचेचं उपकरण) मिथेनॉल आणि ॲसिटिक ॲसिड ९:१ ने धुतलं. बाइंडिंग टेस्ट पाण्यात घेतली, २० मिलिग्रॅम पॉलिमर, ५ मिली द्रावण, ॲट्राझिन १० पीपीएम, रात्रभर शेकरवर, आणि वरचं पाणी एचपीएलसीला (मिश्रण वेगळं करून मोजणारं मशीन) २२२ नॅनोमीटरला मारलं. एमआयपीने ऐंशीच्या आसपास टक्के उचललं. नाचायच्या बेतात होतो तोवर एनआयपीचा रिपोर्ट आला, त्याने पण जवळपास तेवढंच उचललेलं!! म्हणजे साचा झालाच नाही का? वरून अजून एक, नुसतं कोरं मिथेनॉल एमआयपीवरून घातलं तरी क्रोमॅटोग्राममध्ये (त्याच मशीनच्या आलेखात) ॲट्राझिनचा छोटा पीक दिसतोय, सॉक्सलेट करून सुद्धा.

गाइड म्हणतात रेशो बदलून बघ. मित्र म्हणतोय बल्क पॉलिमर सोड, इलेक्ट्रोडवर फिल्म कर, सेन्सर म्हटलं की पेपर लवकर लागतो. आणि घरी वडील विचारतात की यातून शेतात जाऊन बघायची पट्टी होणार का, शुगर तपासतात तशी. मला या तिन्हीचं उत्तर माहीत नाही. कुणी यावर काम केलं असेल तर सांगा, प्लीज.

---

क्रोमॅटो_ताई

साचा झालाय की नाही हे तुझ्या टेस्टमधून कळणारच नाही रे, त्यामुळे आत्ताच पॉलिमर टाकून बिकून देऊ नकोस. मी रेसिड्यू लॅबमध्ये बरीच वर्षं काढलीत, आधी द्राक्षं आणि आता भाजीपाला, आणि एमआयपी कार्ट्रिज वापरलेत, म्हणून सांगते.

मेथाक्रिलिक ॲसिड ॲट्राझिनला धरतं ते हायड्रोजन बाँडने. ॲसिडचा ओएच एका बाजूने रिंगमधल्या नायट्रोजनला, आणि त्याच ॲसिडचा कार्बोनिल दुसऱ्या बाजूने शेजारच्या एनएचला, अशी जोडी लागते. क्लोरोफॉर्ममध्ये ही जोडी मजबूत कारण क्लोरोफॉर्म मधे फारशी लुडबुड करत नाही. पाण्यात काय होतं, पाणी स्वतःच हायड्रोजन बाँडचा राजा, ते सगळ्या कार्बोक्सिलवर आधीच जाऊन बसलेलं असतं. मग ॲट्राझिन पॉलिमरला चिकटतं ते पोकळीमुळे नाही, तर त्याला पाण्यात राहायला आवडत नाही म्हणून. लिटरला तीसेक मिलिग्रॅमच विरघळतं ते. समोर ईजीडीएमएचं तेलकट जाळं दिसलं की जाऊन बसतं, मग ते जाळं एमआयपीचं असो नाहीतर एनआयपीचं. तुझे दोन्ही आकडे सारखे आले यात मला तरी काहीच आश्चर्य नाही, उलट वेगळे आले असते तर मी विचारलं असतं कसे काय.

दुसरी गोष्ट, १० पीपीएम फार झालं. नुसत्या हायड्रोजन बाँडवरच्या तुझ्या या नॉन-कोव्हॅलंट पद्धतीत सगळ्या पोकळ्या सारख्या होत नाहीत, चांगल्या घट्ट धरणाऱ्या थोड्या आणि बाकी सगळा गोंधळ. एवढं ॲट्राझिन ओतलंस की चांगल्या जागा लगेच भरतात आणि उरलेलं सगळं बाकीच्या कशाही जागांवर जातं, आणि तू मोजतोस ते मुख्यतः हेच. कमी काँसंट्रेशनपासून सुरू करून आयसोथर्म (किती काँसंट्रेशनला किती धरलं याचा आलेख) काढ, वेगवेगळ्या पातळ्यांवर, एमआयपी आणि एनआयपी शेजारी शेजारी. एकाच पॉइंटवरून इम्प्रिंटिंग फॅक्टर (एमआयपी एनआयपीच्या किती पट धरतं तो आकडा) सांगणारे पेपर मी तरी बाजूलाच ठेवते.

आणि टेस्ट टोल्युइन किंवा डायक्लोरोमिथेनमध्ये घे. तिथं एमआयपी आणि एनआयपीत फरक दिसला तर साचा झालाय. नाही दिसला तर मग गाइड म्हणतात तसं रेशोकडे बघू.

---

शिरोळचा_केमिस्ट

ताई खूप धन्यवाद 🙏 पण मग नदीचं पाणी तपासायचं म्हणजे पाणीच ना. पाण्यात चालत नाही तर उपयोग काय याचा?

---

क्रोमॅटो_ताई

चालतं की. पाण्यात फक्त लोड करायचं, निवड नंतर करायची.

१०० मिलिग्रॅम पॉलिमर एसपीईच्या (द्रावणातलं हवं ते पकडून ठेवायच्या) रिकाम्या कार्ट्रिजमध्ये भर, खाली वर फ्रिट (सच्छिद्र चकती). मिथेनॉल, मग पाणी घालून तयार कर. नमुन्याचं पाणी हळूहळू सोड. या टप्प्याला ते सी-१८ या तेलकट गोष्टी धरणाऱ्या साध्या पावडरीसारखंच वागतं, ॲट्राझिन धरतं, इतर तेलकट गोष्टी पण धरतं, कुजलेल्या पाल्यातून पाण्यात येणारं ह्युमिक ॲसिड पण थोडंफार. धरू दे. मग व्हॅक्यूमवर कार्ट्रिज सुकव, आणि सुकव म्हणजे खरंच सुकव, टिश्यू लावून ओल येत नाही इथपर्यंत, कारण पुढचं डायक्लोरोमिथेन पाण्यात मिसळत नाही आणि ओल राहिली तर ते पॉलिमरच्या आत पोचतच नाही. पोरं नेमकी इथं घाई करतात आणि मग रिकव्हरी वर-खाली होते म्हणून डोकं धरून बसतात. सुकल्यावर थोडं डायक्लोरोमिथेन. आता पाणी गेलेलं, मीडियम पॉलिमरच्या आवडीचं, त्यामुळे उगाच चिकटलेलं सगळं सुटून खाली जातं आणि पोकळीत हायड्रोजन बाँडने बसलेलं ॲट्राझिन जागेवर राहतं. एनआयपीवर हेच केलंस की ॲट्राझिन याच वॉशमध्ये निघून जायला पाहिजे. तुझा एमआयपी-एनआयपीचा खरा फरक इथं दिसणार, वॉशमध्ये. शेवटी मिथेनॉलने काढ, सुकव, मोबाइल फेजमध्ये (एचपीएलसीत वाहणारं द्रावण) घेऊन एचपीएलसीला मार. वॉशचं व्हॉल्यूम थोडं थोडं वाढवत जाऊन बघावं लागेल, जास्त झालं तर पोकळीतलं पण सुटायला लागतं.

डायक्लोरोमिथेन हूडमध्येच हं. टेबलावर नाही.

---

सॉक्सलेटवाला

ताईंनी मुख्य सगळं सांगितलंच आहे, मी त्या कोऱ्या मिथेनॉलच्या पीकबद्दल बोलतो, कारण माझ्या मते या विषयात सगळ्यात जास्त पेपर इथंच खोटे ठरतात आणि लोक ते सप्लिमेंटरीत ढकलून मोकळे होतात.

याला टेम्प्लेट ब्लीडिंग म्हणतात, म्हणजे ज्या रेणूवर साचा काढला तोच (टेम्प्लेट) नंतर पॉलिमरमधून गळत राहणं. हिशोब कर. तू १ मिलीमोल घेतलंस म्हणजे साधारण २१६ मिलिग्रॅम ॲट्राझिन. पॉलिमर झालं मेथाक्रिलिकचे ३४४ मिलिग्रॅम आणि ईजीडीएमएचे जवळपास ४ ग्रॅम, मिळून ४.३ ग्रॅम धर. सॉक्सलेटने तू ९९ टक्के काढलंस असं मानू, जे चांगलं धुणं झालं. उरलेला १ टक्का म्हणजे २.१६ मिलिग्रॅम, म्हणजे एका ग्रॅम पॉलिमरमध्ये अर्धा मिलिग्रॅम. तुझ्या १०० मिलिग्रॅमच्या कार्ट्रिजमध्ये झाले ५० मायक्रोग्रॅम. आता पिण्याच्या पाण्याच्या आपल्या आयएस १०५०० या मानकात ॲट्राझिनची मर्यादा लिटरला २ मायक्रोग्रॅम आहे. बरोबर त्या मर्यादेवरचं १०० मिली पाणी घातलंस तर त्यात ॲट्राझिन किती, ०.२ मायक्रोग्रॅम. म्हणजे जे शोधायला निघालास त्याच्या अडीचशे पट माल आधीच कार्ट्रिजच्या पोटात आहे. त्यातला बराचसा घट्ट अडकलेला असतो, बाहेर येत नाही, मान्य. पण त्यातला अर्धा टक्का जरी एल्यूशनला (शेवटी मिथेनॉलने काढताना) सुटला तरी तुझा रिझल्ट दुपटीच्या वर गेला. युरोपची मर्यादा घेतलीस, लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम, तर विचारूच नको.

कितीही धुतलंस तरी बल्क पॉलिमरमधून हे शून्य होत नाही, दाण्याच्या आत बंद पडलेल्या जागा असतात, पॉलिमर फुगला आकसला की तिथून हळूहळू सुटत राहतं. उपाय जुना आहे आणि चांगला आहे, डमी टेम्प्लेट. ॲट्राझिनचा साचा ॲट्राझिनवर काढूच नको, त्याच्या भावावर काढ. प्रोपाझिन घे. रिंग तीच, क्लोरिन तोच, फक्त ॲट्राझिनला एका बाजूला इथाइल आणि एका बाजूला आयसोप्रोपाइल आहे तर प्रोपाझिनला दोन्हीकडे आयसोप्रोपाइल. पोकळी किंचित मोठी होते, ॲट्राझिन त्यात आरामात बसतं. आणि सुटलं तर प्रोपाझिन सुटेल, ते कॉलमवर ॲट्राझिनच्या नंतर येतं, वेगळा पीक, तुझ्या आकड्याला धक्का नाही. उलट तो पीक बघून कळतं की ब्लीडिंग किती चाललंय.

आणि ॲसिटिक ॲसिडने धुतल्यावर नुसत्या मिथेनॉलने परत धुतलंस का ते लिहिलं नाहीस. नसेल धुतलं तर ॲसिटिक ॲसिड पोकळ्यांत बसलेलं असणार, ते पण हायड्रोजन बाँड करतंच की.

अजून एक फुकटचा सल्ला. सॉक्सलेट रात्रभर चालवायचं तर कंडेन्सरला नळाचं पाणी लावून ठेवू नका, आपल्याकडे पाणी किती वाजता जाईल नेम नाही आणि सकाळी बघावं तर फ्लास्क कोरडा आणि मिथेनॉल सगळं हवेत. बादलीत फिश टँकचा छोटा पंप टाकायचा, बर्फाच्या पिशव्या टाकायच्या, पाणी फिरत राहतं. आमच्याकडं तेच चालतं.

---

व्होल्टेज_कोल्हापुरी

इलेक्ट्रोडवाल्या मित्राच्या बाजूने (आणि थोडं विरुद्ध) बोलतो 😄

फिल्म करणं खरंच सोपं आहे भावा. ऑर्थो-फिनिलीनडायअमाइन आणि टेम्प्लेट ॲसिटेट बफरमध्ये घ्यायचं, ग्लासी कार्बन किंवा स्क्रीन प्रिंटेड इलेक्ट्रोड बुडवायचा, ० ते ०.८ व्होल्ट सायकल मारायच्या, पातळ फिल्म तयार. धुवायला पण सॉक्सलेट लागत नाही, फिल्म एवढी पातळ की टेम्प्लेट पटकन निघतं. बल्क पॉलिमरमधला अडकलेल्या मालाचा प्रश्न बराच कमी होतो.

पण वाचायचं कसं हा प्रश्न आहे. ॲट्राझिन साध्या कार्बन इलेक्ट्रोडवर सहज ऑक्सिडाइझ होणाऱ्यातलं नाही, त्याचं रिडक्शन जुन्या लोकांनी पाऱ्याच्या इलेक्ट्रोडवर ॲसिडमध्ये बघितलंय. म्हणून सगळे फेरीसायनाइड (इलेक्ट्रोडवर सहज करंट देणारं मीठ) वापरतात. पोकळ्या रिकाम्या असल्या की फेरीसायनाइड त्यातून इलेक्ट्रोडपर्यंत पोचतं, करंट दिसतो, पोकळीत ॲट्राझिन बसलं की वाट बंद, करंट कमी. दिसायला झकास, बफरमध्ये सरळ रेष येते, लिमिट ऑफ डिटेक्शन नॅनोमोलरच्या खाली, पेपर लागतो. आता यात उसाचा रस टाक. पॉलिफिनॉल, प्रोटीन, कोलॉइड, सगळं जाऊन फिल्मवर बसतं, वाट बंद, करंट कमी. इलेक्ट्रोडला काय माहीत वाट ॲट्राझिनने अडवली की रसाच्या मळीने. या सेन्सरला रस दाखवला की तो नेहमी "सापडलं" म्हणतो.

सेन्सरच करायचा असेल तर मी कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक घेतलं असतं. ते स्वतः कार्बनवर ऑक्सिडाइझ होतं, म्हणजे पोकळीत बसलेल्या रेणूचाच सिग्नल मिळतो, वाट अडवण्याची भानगड नाही. शिवाय भाजीवर, द्राक्षावर सापडतं, युरोपात त्याची परवानगी २०१४ लाच संपलीय, त्यामुळे गरजही खरी. पण तुझं अर्धं वर्ष गेलंय, आता विषय बदलू नको. ताई म्हणतात तसं कार्ट्रिज कर, पुढे पीएचडीला बघ इलेक्ट्रोड.

आणि सिलेक्टिव्हिटी दाखवताना कृपा करून ग्लुकोज, सोडियम क्लोराइड, क्लोरपायरीफॉस असलं काही घेऊन "बघा हे चिकटत नाहीत" करू नको. ते त्या पोकळीत कशाला बसतील? ॲट्राझिनची भावंडं घे, सिमाझिन घे, ॲमेट्रिन घे, डीइथाइल ॲट्राझिन घे जे मातीत ॲट्राझिनपासूनच तयार होतं. त्यातले काही चिकटतील. ते चिकटले तर लिहायचं चिकटले म्हणून, एक अख्खी फॅमिली पकडणारा कार्ट्रिज काय वाईट आहे, पुढे एचपीएलसी वेगळं करतंच ना.

---

आडसाली_१८_महिने

पोरांनो तुमचं ते पॉलिमर मला काय कळत नाही, पण शिरोळच्या पोराला एक विचारतो. बाळा, ॲट्राझिन कधी मारतात म्हाईत हाय न्हवं तुला? लागण झाली की दोन-तीन दिसांत, तण उगवायच्या आधी, ओल असताना. म्हणजे ऊस अजून कांडीत हाय. त्यानंतर आडसाली असला तर दीड वर्षानं तुटणार, सुरू असला तरी वर्षभर. एवढ्या काळानं रसात ते कुठनं यायचं? तू रस तपासून तपासून म्हातारा होशील आणि शेवटी लिहिशील की सापडलं न्हाई.

रसाचा नाद सोड. पाणी बघ. आडसाली लागण जुलै-ऑगस्टात, तेव्हाच मारत्यात आणि तेव्हाच पाऊस धो धो, मारलेलं शेतात किती ऱ्हायतं आणि ओघळीनं किती जातंय ते बघ की. आमच्यात क्षारपड जमिनीत निचऱ्याचे पाइप टाकल्यात, जमिनीखालून पाणी येऊन चरात पडतं. त्या पाइपच्या तोंडाला बाटली लाव. जे मुळाच्या खाली गेलं ते सगळं तिथं येणार. आमच्या रानात हायत असे पाइप, कधी पण ये.

आणि सगळेच ॲट्राझिन मारत न्हाईत हे बी ध्यानात ठेव. उसात सोयाबीन, भुईमूग असं आंतरपीक असलं की मारत न्हाईत, पीकच जळतंय. म्हंजे आंतरपीकवालं रान आणि बिन आंतरपीकवालं रान शेजारी शेजारी घेतलंस तर तुझं ते काय एमआयपी एनआयपीसारखं झालं बघ.

---

क्रोमॅटो_ताई

काका, नाद खुळा! हे आम्हाला लॅबमध्ये बसून सुचलंच नसतं. ॲट्राझिनचं मातीतलं अर्धआयुष्य साधारण दोन महिन्यांच्या आसपास धरतात, जमिनीप्रमाणे कमी-जास्त, त्यामुळे वर्ष-दीड वर्षानंतरच्या रसात शोधणं खरंच वेळ घालवणं आहे. आणि पाइपमधून येणाऱ्या पाण्यात पहिले काही आठवडे नियमित नमुने घेतले तर आलेख कसा उतरतो ते पण दिसेल, नुसतं "सापडलं / नाही सापडलं" याच्यापेक्षा कितीतरी चांगलं डिझर्टेशन.

क्षारपड जमिनीचं पाणी असल्यामुळे मीठ भरपूर असणार. कार्ट्रिजला त्याचा काही त्रास नाही, उलट मिठाने ॲट्राझिन पाण्यातून जरा लवकरच बाहेर येतं. पण रिकव्हरी डिस्टिल्ड वॉटरमध्ये काढून तोच आकडा इथं वापरू नकोस, त्याच पाइपच्या पाण्यात माहीत असलेलं ॲट्राझिन टाकून रिकव्हरी काढ.

---

शिरोळचा_केमिस्ट

काका तुमचं म्हणणं सरांना दाखवलं, ते हसले आणि म्हणाले रस कॅन्सल 😅 नक्की येतो.

ताई, एक विचारायचं राहिलं. व्हायवाला हमखास विचारणार की एलसी-एमएस-एमएस (रेणू वजनावरून ओळखणारं मशीन) असताना हे सगळं कशाला? आणि पट्टीचं काय सांगू वडिलांना?

---

क्रोमॅटो_ताई

एलसी-एमएस-एमएस शंभरावर औषधं एका रनमध्ये बघतं, निर्यातीचा रिपोर्ट त्याच्यावरच निघतो आणि निघायला पाहिजे. युरोपात ज्या औषधाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्याला ०.०१ मिलिग्रॅम प्रति किलो लागते, तिथं एमआयपी घेऊन भांडायला जाऊ नये. एमआयपी तू जे शोधायला केलंस तेच बघतं. २०१० साली द्राक्षाच्या कंटेनरचं झालं ते आठवतंय ना, क्लोरमेक्वाट क्लोराइड (वेलीची वाढ रोखणारं औषध), ते तपासायच्या यादीतच नव्हतं आणि तिकडे युरोपात सापडलं, इकडे बागायतदार बुडाले. एकाच रेणूचा साचा घेऊन बसलेल्या माणसाने हे विसरू नये. त्यामुळे व्हायवाला "एलसी-एमएसला पर्याय" हा शब्द तोंडातून काढू नकोस, त्याच्यावरच धरतील.

पण उपयोग आहे, आणि तो म्हणजे सफाई. आम्ही भाजीला क्वेचर्स करतो, १० ग्रॅम नमुना, १० मिली ॲसिटोनायट्राइल, मॅग्नेशियम सल्फेट आणि मीठ टाकून हलवायचं, वरचा थर घ्यायचा, मग पीएसए पावडरने साफ करायचं. मेथी, कोथिंबिरीसारख्या भाजीत एवढं करूनही रस हिरवागार राहतो आणि एमएसमध्ये सिग्नल दबतो, मग मॅट्रिक्स मॅच्ड (त्याच भाजीच्या अर्कातलं) स्टँडर्ड करत बसा. एका ठराविक फॅमिलीसाठी एमआयपी कार्ट्रिज असेल तर खाली येणारं एल्यूएट एवढं स्वच्छ असतं की साधं यूव्ही डिटेक्टर पण कामाला येतं. ज्या कॉलेजकडं एचपीएलसी-यूव्ही आहे पण एमएस नाही, आणि आपल्याकडं बहुतेकांची तीच परिस्थिती, त्यांना पाण्यातलं ॲट्राझिन मायक्रोग्रॅमच्या पातळीवर मोजता येणं ही छोटी गोष्ट नाही. १०० मिली पाणी आटवून अर्धा मिलीत आणलंस की दोनशे पट तिथंच वाढलं. फक्त क्वेचर्सवर वापरायचं झालं तर ॲसिटोनायट्राइल उडवून टोल्युइन किंवा डायक्लोरोमिथेनमध्ये घ्यायला विसरायचं नाही, कारण तेच, मीडियम.

पट्टीचं म्हणशील तर आहेत की बाजारात, एन्झाइमवाली कार्डं, पण ती कोलिनएस्टरेज अडवणाऱ्या ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेटसाठी. ॲट्राझिन त्यात दिसणारच नाही. ॲट्राझिनला अँटिबॉडीवाली एलायझा किट आहेत आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर पाण्यात अँटिबॉडी एमआयपीपेक्षा सरस, ती जन्मालाच पाण्यात येते. १९९३ मध्ये मोसबाख या शास्त्रज्ञाच्या ग्रुपने नेचर मासिकात थिओफिलिन आणि डायझेपाम या औषधांवर अँटिबॉडीच्या जागी एमआयपी वापरून दाखवलं तेव्हापासून सगळे म्हणतायत की आता अँटिबॉडी गेली, गेली नाही अजून. एमआयपीची ताकद वेगळी, उन्हात ठेवा, ॲसिडमध्ये ठेवा, सॉल्व्हंटमध्ये उकळा, काही होत नाही, फ्रिज लागत नाही, आणि तोच कार्ट्रिज धुवून परत वापरता येतो. वडिलांना सांग पट्टी नाही, पण बाटली आणून दे, आकडा सांगतो.

---

सॉक्सलेटवाला

प्रोपाझिन मिळायचा प्रश्न येईल तुला. सर्टिफाइड स्टँडर्ड मिलिग्रॅमात येतं आणि तुला साच्याला दोनशे-सव्वादोनशे मिलिग्रॅम लागणार, त्यात डिपार्टमेंटचं बजेट संपेल. शुद्ध रिएजंट म्हणून कुणाकडे मिळतं का विचार. नसेल तर ॲमेट्रिन बघ, ते उसाचंच तणनाशक, टेक्निकल ग्रेड मिळायला सोपं, मिथेनॉलमधून रीक्रिस्टलाइझ करून घे. क्लोरिनच्या जागी त्यात मिथाइलथायो आहे, जास्त बेसिक आहे, त्यामुळे मेथाक्रिलिकला जास्त घट्ट धरतं, पण पोकळी ॲट्राझिनला तेवढी चपखल बसेल का ते करूनच बघावं लागेल. माझी पहिली पसंती प्रोपाझिनच. मात्र ॲमेट्रिनचा साचा केलास तर ज्या रानात ॲमेट्रिन मारलंय तिथलं पाणी घेऊ नकोस, नाहीतर ब्लीडिंग कुठलं आणि रानातलं कुठलं कळणार नाही.

---

आडसाली_१८_महिने

आमच्यात ॲमेट्रिन न्हाई मारत. ये बिनधास्त. येताना बाटल्या काचंच्या आण, मागं एक जण माती-पाणी तपासायला आला आणि कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून घेऊन गेला.

---

क्रोमॅटो_ताई

काचेच्या, आणि तपकिरी. एक बाटली लॅबमधूनच डिस्टिल्ड वॉटर भरून ने, रानात झाकण उघडून परत लाव आणि ती पण बाकीच्यांसारखीच कार्ट्रिजवरून घाल. त्यात ॲट्राझिन दिसलं तर बाकीचे आकडे लिहू नकोस, आधी मला इथं सांग.